भूगोलाचा तास रंगवायचा कसा? नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी, आधी प्रश्न आणि व्याख्या सगळ्यात शेवटी

माझं नोकरीचं पहिलं वर्ष होतं, शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. नववीला वृष्टीचा धडा घेतला, प्रतिरोध पर्जन्य (डोंगरानं वारा अडवल्यामुळं पडणारा पाऊस), पर्जन्यछायेचा प्रदेश (डोंगरापलीकडचा कमी पावसाचा भाग), सगळं फळ्यावर तीन रंगाच्या खडूनं सुबक आकृती काढून. पोरांनी आकृती वहीत उतरवली, घटक चाचणीला व्याख्या विचारली तर जवळपास सगळ्यांची बरोबर. मी खूश. मग एके दिवशी सहज तोंडी विचारलं, आपल्या तालुक्यात पाऊस कमी का पडतो रे? अर्ध्या वर्गाचं उत्तर, "सर झाडं तोडल्यामुळं." मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "नशीब सर."

म्हणजे बघा, ज्या पोराचं घरच पर्जन्यछायेत आहे, जो उन्हाळ्यात टँकरमागं हंडा घेऊन पळतो, त्याला पर्जन्यछायेची व्याख्या पाठ, पण ती आपल्याच शिवाराबद्दल आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच. तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी प्रश्न, मग पोरांचा अंदाज, मग नकाशा, मग कारण, आणि पुस्तकातला जड शब्द सगळ्यात शेवटी. खाली जे लिहितोय ते सगळं या उलट्या क्रमाभोवतीच फिरतं. आठवी ते दहावीला धरून लिहिलंय आणि आपल्या राज्याच्या बोर्डाचा अभ्यासक्रम डोळ्यासमोर ठेवलाय.

पायरी १: टाचण लिहायच्या आधी एक प्रश्न लिहा

बी.एड.ला उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती वगैरे लिहायला शिकवतात, ते टाचण वहीत लिहायचंच आहे, हेडसरांची सही लागते. पण त्याआधी एका कोऱ्या कागदावर एकच प्रश्न लिहा, पोराच्या बोलीत. अट एवढीच की उत्तर पुस्तकाच्या एका ओळीत सापडता कामा नये आणि प्रश्नातली गोष्ट पोरानं डोळ्यानं पाहिलेली, खाल्लेली किंवा ऐकलेली असावी.

उदाहरण देतो. नद्यांचा धडा आहे. "द्वीपकल्पीय नद्यांची वैशिष्ट्ये" हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झालं. प्रश्न असा: कृष्णा आणि सावित्री दोघी महाबळेश्वरात उगम पावतात, तिथून अरबी समुद्र मावळतीला जेमतेम ६५ किलोमीटरवर आहे, सावित्री शहाण्यासारखी तिकडं उतरली आणि शंभरेक किलोमीटरमध्ये समुद्राला मिळाली, मग कृष्णा उलटी फिरून सांगली, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असं सुमारे १,४०० किलोमीटर का चालत गेली? हा प्रश्न टाकला की वर्ग गप्प होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं "सर उतार तिकडं असेल". झालं, धडा सुरू झाला. पठाराचा उतार पूर्वेला, सह्याद्रीचा कडा पश्चिमेला, जलविभाजक म्हणजे दोन्हीकडचं पाणी वेगळं करणारी डोंगररांग, सगळं यातूनच निघतं.

एका तासाला एकच प्रश्न. नवीन माणूस हमखास चार प्रश्न घेऊन जातो आणि एकाचंही उत्तर पूर्ण होत नाही, घंटा होते.

पायरी २: आकडा सांगायच्या आधी अंदाज लिहून घ्या

ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे आणि सगळ्यात जास्त चालणारी. जुन्या वह्यांचे कोरे कागद फाडून चिठ्ठ्या करा. प्रश्न टाकला की प्रत्येकानं आपला अंदाज लिहायचा, नाव टाकायचं, चिठ्ठी पालथी घालायची. हात वर करायला लावलं तर नेहमीचीच चार पोरं बोलतात, बाकीची त्यांच्याकडं बघत बसतात. चिठ्ठीवर मात्र प्रत्येकाला काहीतरी लिहावंच लागतं, आणि एकदा लिहिलं की आपलं बरोबर आलं का ही उत्सुकता आपोआप लागते, मॅच बघताना टॉसवर पैज लावल्यासारखं.

अंदाज चुकला म्हणून हसायचं नाही, तुम्ही पण नाही. उलट सगळ्यात लांबचा चुकलेला अंदाज मोठ्यानं वाचा आणि विचारा, असं का वाटलं तुला? त्या उत्तरात पोराच्या डोक्यातला नकाशा दिसतो, आणि तो दिसल्याशिवाय दुरुस्त कसा करणार.

पायरी ३: नकाशा भिंतीवरून खाली काढा

भिंतीवर टांगलेल्या नकाशामुळं पोरांच्या डोक्यात उत्तर म्हणजे "वर" आणि दक्षिण म्हणजे "खाली" असं घट्ट बसतं. मग "नदी वरून खाली वाहते" यावरून नर्मदा पश्चिमेला कशी जाते हे पोरांना झेपत नाही, आणि नाईल तर दक्षिणेकडून उत्तरेला म्हणजे "खालून वर" वाहते म्हटलं की आणखीच गोंधळ. उपाय साधा आहे. नकाशा जमिनीवर अंथरायचा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावायची आणि पोरांना भोवती बसवायचं. खेड्यातल्या पोरांना उगवत-मावळत पक्की माहीत असते, त्यांना विचारा उगवतीकडं कोण बसलंय, मग नकाशावर उगवतीला कोणतं राज्य येतं. शहरातल्या पोरांना सकाळी ऊन कोणत्या खिडकीतून येतं ते विचारा.

नकाशा कपाटात फाटका, जुना निघाला तर फेकू नका, उलट तोच सोनं आहे. गटाला एकेक जुना नकाशा द्या आणि विचारा, हा किती साली छापला असेल? छापल्याचं वर्ष कोपऱ्यात असतं त्यावर कागद चिकटवा आधी. मग पोरं शोधतात: तेलंगणा आहे का, नसेल तर जून २०१४ च्या आधीचा. छत्तीसगड, झारखंड, उत्तराखंड तिन्ही नाहीत, म्हणजे नोव्हेंबर २००० च्या आधीचा. लडाख वेगळा दाखवलाय का, म्हणजे ऑक्टोबर २०१९ नंतरचा. महाराष्ट्राचा असेल तर आणखी मजा, पालघर जिल्हा २०१४ चा, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, नंदुरबार-वाशिम १९९८ चे, लातूर-गडचिरोली १९८२ चे, जालना-सिंधुदुर्ग १९८१ चे. आमच्याकडं एक नकाशा असा निघाला ज्यात सिंधुदुर्गच नव्हता, म्हणजे तो माझ्या जन्माच्या आधीचा, आणि त्या कपाटातून तो तोपर्यंत कुणी काढलाच नव्हता बहुतेक. एका तासात पोरांनी जेवढा नकाशा डोळे फाडून वाचला तेवढा आख्ख्या वर्षात वाचला नसेल, आणि मी त्या तासात काही "शिकवलं" नाही.

एक सावधगिरी. इंटरनेटवरून भारताचा कोणताही आराखडा उचलून झेरॉक्स काढू नका, बाहेरच्या साइटवरच्या नकाशात जम्मू-काश्मीरची सीमा वेगळीच असते आणि मग उगाच गोंधळ. भारतीय सर्वेक्षण विभागाचा आराखडा घ्या, त्यांच्या साइटवर मिळतो.

पायरी ४: एक तास मिनिटामिनिटानं

आता तो वृष्टीचाच तास, ज्यात मी आपटलो होतो, तो आता कसा घेतो ते सांगतो. ३५ मिनिटांचा तास धरा, त्यातली पाच हजेरी आणि "सर पाणी पिऊन येऊ का" मध्ये जातात, उरली ३०.

पहिली पाच मिनिटं: फळ्यावर एक आडवी रेघ आणि त्यावर डावीकडून उजवीकडं महाड, महाबळेश्वर, सातारा, दहिवडी (आमच्या माण तालुक्याचं मुख्य गाव) एवढीच नावं. चिठ्ठीवर अंदाज लिहा, वर्षाला कुठं किती पाऊस. मिलिमीटर कळत नसेल तर सांगायचं, पाणी कुठं वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर वर्षभरात जमिनीवर किती उंच साचेल ते हातानं दाखवा.

पुढची पाच मिनिटं: खरे आकडे, पण फळ्यावर लिहून नाही. एक पोरगं उभं करायचं. दहिवडीला सुमारे अर्धा मीटर म्हणजे गुडघ्याइतकं. साताऱ्याला मीटरभर, कंबरेच्या वर. महाडला तीन मीटरच्या वर, म्हणजे वर्गाच्या छताला टेकलं. आणि महाबळेश्वरला साडेपाच मीटरच्या पुढं, म्हणजे शाळेचा पहिला मजला बुडून दुसऱ्यात पाणी शिरलं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वर आणि दहिवडी, सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर, आणि पाऊस दहा-अकरा पट कमी. इथं वर्गात आवाज होतो, होऊ द्या.

मग दहा मिनिटं कारण. यासाठी सायकलचा पंप आणि हवा भरलेली ट्यूब आणा. ट्यूबच्या व्हॉल्व्हवर बोट धरून हवा सोडायला लावा, गार लागते. दाबलेली हवा मोकळी झाली, पसरली, थंड झाली. आता पंपाचं तोंड बोटानं बंद करून जोरात दाबा, तोंड गरम लागतं, कारण हवा दाबली की तापते. एवढं हाताला कळलं की मग सह्याद्री. समुद्रावरून आलेली हवा घाटावर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते, गार होते, बाष्पाचे ढग होतात, पाऊस पडतो. माथा ओलांडून तीच हवा आपल्या बाजूला उतरते, दाबली जाते, तापते, आणि तापलेली हवा बाष्प सोडायच्या ऐवजी धरूनच ठेवते. "म्हणजे ढग आपल्यावरून जातात पण पडत नाहीत ते यामुळं का?" हा प्रश्न पोरांकडून येतोच. दरवर्षी येतो. आणि जून-जुलैमध्ये माणदेशात तेच दिसतं, आभाळ भरून पळत असतं आणि खाली ठणठणीत. आमचा जो काय पाऊस आहे तो बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा.

सात-आठ मिनिटं पोरांनी स्वतः छेद काढायचा, समुद्र, कोकण, घाट, पठार, वर पावसाचे स्तंभ. सुबक नको, पण दिशा हवी. बरीच पोरं पूर्व-पश्चिम लिहायलाच विसरतात, तिथं फिरून बघा.

शेवटची दोन मिनिटं: आता फळ्यावर शब्द लिहायचे, प्रतिरोध पर्जन्य, पर्जन्यछाया. पोरांना तोपर्यंत गोष्ट माहीत झालेली असते, फक्त नाव द्यायचं बाकी असतं. आणि जाता जाता एक चिठ्ठी, प्रश्न एकच: फलटणला असाच पाऊस असेल की महाबळेश्वरसारखा, का? त्या चिठ्ठ्या संध्याकाळी चहा पिताना चाळा, दहा मिनिटं लागतात, उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते त्यातच असतं.

तुमची शाळा नागपुरात किंवा रत्नागिरीत असेल तर ही चार गावं जशीच्या तशी उचलू नका. तुमच्या पोरांच्या पायाखालची गावं घ्या. विदर्भात प्रतिरोध पर्जन्याऐवजी पूर्वेकडं चंद्रपूर-गडचिरोलीत पाऊस जास्त आणि पश्चिमेकडं बुलढाण्यात कमी, हे कोडं जास्त चांगलं. मोसमी वाऱ्यांची बंगालच्या उपसागराकडून येणारी दुसरी शाखा तिथूनच शिकवता येते.

पायरी ५: मैदानात एक काठी रोवा

आठवीचा स्थानिक वेळ, प्रमाण वेळ हा धडा वर्गात बसून कधीच कळत नाही, हे माझं ठाम मत. एका रेखांशाला चार मिनिटं, गुणाकार करा, उत्तर लिहा, पोरं गणित सोडवतात पण वेळ म्हणजे काय ते हुकतंच.

एक मीटरची सरळ काठी, ओळंब्यानं उभी रोवायची. गवंडीकाम करणाऱ्या कुणाचा तरी पोरगा वर्गात असतोच, तो ओळंबा आणतो आणि त्या दिवशी तो वर्गाचा हिरो. दुपारी बारा दहापासून बारा पन्नासपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सगळ्यात आखूड सावली कधी येते ते बघायचं. बारा वाजता येणार नाही! पुण्या-साताऱ्याकडं ती साधारण साडेबाराच्या आसपास येते, तारखेप्रमाणे थोडं मागंपुढं. पोरं म्हणतात, घड्याळ चुकलंय. मग सांगायचं, घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२° ३०′ पूर्व रेखावृत्ताचं आहे आणि आपण ७४ वर उभे आहोत, साडेआठ अंश पश्चिमेला, साडेआठ चोक चौतीस. नागपूरकडं कुणी शिक्षक मित्र असेल तर त्याच दिवशी त्यालाही काठी रोवायला सांगा, मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्यवेळेत सुमारे २५ मिनिटांचा फरक आहे, तो फोनवरच उघडा पडतो. आणि याला जोडून मुंबईची गोष्ट सांगाच: भारतीय प्रमाण वेळ १९०६ पासून आली तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची "बॉम्बे टाइम" १९५५ पर्यंत सोडली नव्हती. पोरांना ही गोष्ट फार आवडते, मुंबईकर तेव्हापासूनच हट्टी असं एक जण म्हणाला होता.

हीच काठी २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास रोवली तर तुमच्या गावाचं अक्षांशच हातात येतं. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर, त्यामुळं दुपारची आखूड सावली जो कोन करते तोच आपला अक्षांश. पुण्यात मीटरभर काठीची सावली साधारण साडेतेहतीस सेंटिमीटर भरते. आठवीला त्रिकोणमिती येत नाही, हरकत नाही, वहीवर दहा सेंटिमीटर उभी रेघ, पायथ्याशी तीन पूर्णांक पस्तीस शतांश आडवी, तिरकी रेघ जोडा आणि वरच्या टोकाशी कोनमापक लावा. साडेअठराच्या आसपास येतं. ॲटलास उघडून पुण्याचं अक्षांश बघितलं की जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. दोन-तीन दिवस मागंपुढं झालं तर अंशभराची चूक येईल, चालतं.

शून्य सावलीचा दिवस मात्र शाळेला कधीच साधत नाही, आपल्याकडं तो एकदा मे महिन्यात येतो तेव्हा सुट्टी, आणि दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतो तेव्हा आभाळ. मी तो गृहपाठ म्हणून सुट्टीत देतो, घरी स्टीलचा ग्लास उन्हात पालथा ठेवून बघा म्हणून.

पायरी ६: दहावीचा ब्राझील, उपवासाच्या ताटातून

दहावीला भारत आणि ब्राझीलची तुलना आहे आणि नवीन शिक्षकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच, की ब्राझील पोरांना लांब वाटतो, फुटबॉल सोडून काही माहीत नसतं. माझा पहिला तास साबुदाण्याच्या खिचडीवर असतो. आषाढी एकादशीच्या आसपास धडा आला तर उत्तमच.

फळ्यावर विचारा, खिचडीत काय काय असतं? साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, तूप. चिठ्ठीवर लिहा, यातलं मूळ भारतातलं किती? पोरं म्हणतात सगळं, उपवासाचं आहे म्हणजे जुनंच असणार. मग एकेक खोडायचं. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो, तो कंद दक्षिण अमेरिकेतला, ब्राझील त्याच्या माहेरातला देश, आज आपल्याकडं त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथल्याच अँडीज पर्वतातला. मिरची अमेरिका खंडातली. जिरं पश्चिमेकडून आलेलं. राहिलं तूप! खिचडीवर काजू टाकत असाल तर काजूही ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी गोव्यात आणला आणि "काजू" हा शब्दसुद्धा तिकडच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजमार्गे आला, अननस तसाच. घरी आज्जीला सांगितल्यावर आज्जी चिडली, असं एका मुलीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्यामुळं थोडं जपून.

आणि उलट दिशाही दाखवा. ब्राझीलमधल्या गोठ्यांत आपली गुरं आहेत. आंध्रातल्या ओंगोल गाईंच्या वंशाची नेलोर जात तिथं मांसासाठी सगळ्यात जास्त पाळली जाते, गुजरातची गीर तिथं दुधासाठी. मग प्रश्न टाकायचा, ओंगोलची गाय ब्राझीलमध्ये तग धरते पण डेन्मार्कची तितकी सहज का नाही? उष्ण कटिबंध, गवताळ प्रदेश, हवामान, हे सगळे धडे तिथून उलगडतात. लोकसंख्येची घनता पण अशीच हातानं करा: ब्राझील आपल्या अडीच पटीहून मोठा आणि माणसं सुमारे २० कोटी. वर्गातल्या जमिनीवर खडूनं एक चौकोन आखा, त्यात सतरा-अठरा पोरं उभी करा, हा भारत. तेवढ्याच दुसऱ्या चौकोनात एकच पोरगं, हा ब्राझील. त्यावर पुढचा प्रश्न पोरंच विचारतात, मग ते एवढ्या जागेचं करतात काय.

पायरी ७: पोरांच्या घरातला भूगोल वर्गात आणा

स्थलांतराचा धडा मी पुस्तक उघडून सुरू करत नाही. भारताचा मोठा आराखडा, आणि प्रत्येकानं आपल्या नात्यातला बाहेरगावी असलेला माणूस एक टिकली लावून दाखवायचा. आमच्याकडं माण-खटाव, आटपाडी, विटा भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, देशभर पसरलीत. नकाशावर कोईमतूर, कोलकाता, अगदी ईशान्येपर्यंत टिकल्या लागतात, मुंबईला तर जागाच उरत नाही. मग विचारायचं, एवढ्या लांब का गेले? आणि उत्तर परत त्या पर्जन्यछायेपाशी येतं, मला सांगावंही लागत नाही.

वर्गात एक मेंढपाळाचा मुलगा होता, दिवाळीनंतर गायब व्हायचा, पावसाळ्याच्या तोंडाला परत. हजेरीत त्याच्या नावापुढं नुसते लाल गोल. एकदा त्याला नकाशापुढं उभा केला तर त्यानं कोकणात उतरायची अख्खी वाट सांगितली, कुठल्या घाटानं, कुठं पाणी, भात कापल्यावर कुणाच्या खाचरात मेंढ्या बसवतात आणि त्याबदल्यात काय मिळतं. हंगामी स्थलांतर यापेक्षा चांगलं मी काय शिकवणार होतो. तुमच्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं असतील, मासेमारीची असतील, त्यांना बोलतं करा. पण एक सांभाळा, गरिबी चव्हाट्यावर येईल असे प्रश्न वर्गात विचारायचे नाहीत. "बाबा काय करतात" पेक्षा "तुमच्या नात्यातलं सगळ्यात लांब कोण राहतं" हा प्रश्न बरा.

पायरी ८: क्षेत्रभेट म्हणजे सहल नव्हे

परवानग्या, बस, पालकांच्या सह्या, खर्च, यामुळं क्षेत्रभेट कागदावरच होते बऱ्याच ठिकाणी. मी चालत जाता येईल तिथंच नेतो. सगळ्यात भारी जागा म्हणजे एसटी स्टँड. वेळापत्रकाचा बोर्ड पोरांनी उतरवून घ्यायचा, कोणत्या गावाला दिवसातून किती गाड्या, मग वर्गात येऊन त्या संख्येप्रमाणे जाड-बारीक रेघा काढून प्रवाह नकाशा करायचा. आपलं गाव कोणत्या शहराशी घट्ट बांधलंय ते रेघेच्या जाडीतच दिसतं. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली, हे तिथंच बोर्डाखाली उभं राहून सांगा. दुसरी जागा आठवडी बाजार. प्रत्येक गटाला पाच विक्रेते, माल कुठून आणला एवढाच प्रश्न, आणि जाताना बाजारातल्या लोकांशी नीट बोलायचं, विकत्या माणसाचा वेळ खायचा नाही हे आधी बजावून ठेवा. प्रश्नावली वर्गातच तयार करून न्या, तिथं गेल्यावर सुचत नाही.

समोच्च रेषांसाठी, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांसाठी, गड असेल तर बघायलाच नको, नसेल तर उकडलेला बटाटा पण चालतो. अर्धा कापून पालथा ठेवा, त्याच्या आडव्या चकत्या करा, एकेक चकती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा. मग हाताची मूठ आवळून बोटांच्या पेरांवर पेननं गोल काढायला लावा आणि तळहात सपाट करा, डोंगराचा नकाशा होतो. त्यानंतर खरा स्थलनिर्देशक नकाशा, १:५०,००० चा, जिथं एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पोरांना पहिलं काम हेच द्या, आपली शाळा शोधा. रेषा जिथं एकमेकींना चिकटल्यात तिथं कडा, हे मग सांगायला लागत नाही.

आता काही उगाच होणाऱ्या गोष्टी

व्हिडिओ तीन मिनिटांच्या वर लावू नका, आणि मध्येच थांबवून "आता काय होईल" विचारा, नाहीतर अंधारात अर्धा वर्ग झोपतो. लाइट जाणारच आहे हे धरूनच तयारी करा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी मला आवडत नाही, प्रदर्शनात शोभून दिसतो पण त्यानं पोरांच्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे शंकूच बसतो. आपलं दख्खन तर भेगांमधून पसरलेल्या लाव्ह्याचं आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, थरावर थर. त्यापेक्षा खिडकीतून डोंगर दाखवा, पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, ते थर. नाहीतर घाटातला रस्ता रुंद करताना कापलेली दरड दाखवा.

भूकंप शिकवताना किल्लारी आणि कोयना घ्याच, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची. घरातल्या मोठ्यांना विचारून या म्हटलं की गोष्टींचा ढीग येतो. फक्त ज्यांच्या घरचं कुणी गेलंय अशी पोरं वर्गात असू शकतात, लातूर-धाराशिवकडं तर नक्कीच, तेव्हा मजेचा सूर नको.

आणि पोर्शनचं काय? हा प्रश्न येणारच. सगळे तास असे घेता येत नाहीत, मी पण घेत नाही. आठवड्यातला एक तास असा, बाकी नेहमीसारखे. एका धड्याला एक चांगला प्रश्न सापडला तरी पुष्कळ. बोर्डाच्या पेपरला "भौगोलिक कारणे लिहा" येतं, आणि ज्या पोरानं कारण हातानं अनुभवलंय त्याला गाईड पाठ करायला लागत नाही. नकाशा भरायचा सराव मात्र वेगळा घ्या, सूची आणि चिन्हं नीट करण्याचा, स्टेन्सिल घेऊन, त्याला पर्याय नाही.

शेवटची तयारीची गोष्ट, एक बुटाचा खोका ठेवा. त्यात चिठ्ठ्यांचे कागद, टिकल्यांचं पाकीट, दोरी, ओळंबा, ट्यूबचा तुकडा, झेरॉक्स केलेले आराखडे. टाचण वहीच्या मागच्या पानावर तास फसला तर का फसला ते त्याच दिवशी दोन ओळीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी आठवत नाही. आणि त्या मीटरच्या काठीवर भूगोल विभाग असं ठळक लिहा, नाहीतर पीटीचे सर घेऊन जातात.